न दिसलेल्या रेणूसाठी वेचलेले आयुष्य

डॉ. ॲलिक आयझॅक्स यांचे २६ जानेवारी १९६७ रोजी निधन झाले, तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते. जेमतेम वर्षापूर्वीच ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले होते. ज्या शोधासाठी हा गौरव झाला, त्या शोधाविषयी मात्र विज्ञानजगतात तोवर एकमत नव्हते. ‘इंटरफेरॉन’ असे नाव देऊन आयझॅक्स यांनी ज्या प्रथिनाची ओळख जगाला करून दिली, ते प्रथिन त्या दिवसापर्यंत कोणाच्याही हाती शुद्ध स्वरूपात आले नव्हते. त्याचा आकार, घडण, वजन यांपैकी कशाचीही खात्रीलायक माहिती नव्हती. ठाऊक होता तो त्याचा केवळ परिणाम. त्या परिणामावर विसंबून एका माणसाने आपली कीर्ती आणि उमेदीची वर्षे पणाला लावली. पुढे तीन दशकांनी त्या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा त्यांची मूळ अनुमाने किती अचूक होती हे सिद्ध झाले. ते पाहण्यासाठी ते हयात नव्हते.

ग्लासगो ते मेलबर्न

ॲलिक आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. त्यांचे आजोबा लिथुआनियातून आलेले ज्यू निर्वासित. वडील दुकानदार होते आणि ॲलिक चार भावंडांत थोरले. पॉलकशील्ड्स येथील शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी ग्लासगो विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यासक्रम निवडला आणि १९४४ मध्ये ते डॉक्टर झाले. रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेची ओढ त्यांना अधिक होती. विद्यापीठाच्या जीवाणुशास्त्र विभागात काही काळ काम करून ते १९४७ मध्ये शेफील्डला प्रा. स्टुअर्ट-हॅरिस यांच्याकडे गेले. तेथे त्यांची गाठ पडली ती फ्लूच्या विषाणूशी. या विषाणूने पुढे त्यांची साथ अखेरपर्यंत सोडली नाही.

विषाणूंवर काम करण्याचा तो काळ मोठा कुतूहलाचा होता. फ्लू हा रोग मानवजातीला शतकानुशतके परिचित असला, तरी माणसातील त्याचा विषाणू लंडनच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत सापडला तो १९३३ मध्ये. प्रतिजैविके जीवाणूंना मारत होती, विषाणूंपुढे मात्र ती हतबल ठरत होती. पेनिसिलिनने न्यूमोनियाच्या रुग्णाला वाचविणारा डॉक्टर फ्लू, देवी किंवा पोलिओच्या रुग्णासमोर हात बांधून उभा राहत असे. पेनिसिलिनसारखेच, पण विषाणूंवर चालणारे औषध मिळावे ही त्या पिढीच्या संशोधकांची आस होती.

१९४८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळून आयझॅक्स ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत दाखल झाले. संस्थेचे प्रमुख होते फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट. हेच बर्नेट पुढे १९६० मध्ये नोबेल पुरस्काराचे मानकरी झाले. मेलबर्नमध्ये आयझॅक्स यांना आयुष्याचा विषय मिळाला आणि आयुष्याची जोडीदारही. १९४९ मध्ये त्यांनी सुझॅना या तरुण डॉक्टरशी विवाह केला. सुझॅना यांनी पुढे बालमनोविकारतज्ज्ञ म्हणून स्वतंत्र ख्याती मिळविली.

विषाणूला विषाणूचीच आडकाठी

हा विषय होता ‘विषाणूंचा परस्पर अटकाव’. एखाद्या प्राण्याला एका विषाणूची बाधा झाली असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या विषाणूचा त्याच्यावर सहसा जोर चालत नाही, हे संशोधकांना १९३० च्या दशकापासून ठाऊक होते. १९३७ मध्ये फिंडले आणि मॅककॅलम या दोघांनी माकडांवर प्रयोग करून दाखविले होते की, रिफ्ट व्हॅली ज्वराचा विषाणू आधी टोचला तर पीतज्वरापासून माकडाचे रक्षण होते. हे दोन विषाणू एकमेकांचे नातलगही नव्हेत. त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्याला अडवत असतील, हे स्पष्टीकरण टिकत नव्हते. त्याहून चमत्कारिक बाब १९४० च्या दशकात पुढे आली. उष्णतेने किंवा अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेला, स्वतः वाढू न शकणारा विषाणूदेखील जिवंत विषाणूला अडवितो, असे फ्लूच्या विषाणूवरील प्रयोगांत दिसून आले.

मेलेल्या विषाणूत हे सामर्थ्य कोठून येते, हा प्रश्न आयझॅक्स यांच्या मनात घर करून बसला. मेलबर्नमध्ये मार्गारेट एडनी यांच्यासह कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावर त्यांनी याचे बारकाईने प्रयोग केले. त्या काळी प्रचलित मत असे होते की, पहिला विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील जागा अडवितो किंवा पेशीतील एखादे आवश्यक द्रव्य संपवून टाकतो, म्हणून दुसऱ्याला वाव राहत नाही. आयझॅक्स यांना हे उत्तर पटत नव्हते. मात्र त्याऐवजी दुसरे उत्तरही त्यांच्याकडे नव्हते.

ब्रिटनमध्ये परतल्यावर ते लंडनच्या उत्तरेकडील मिल हिल येथे राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत रुजू झाले. फ्लूच्या विषाणूचा शोध लावणाऱ्यांपैकी एक असलेले ख्रिस्तोफर अँड्रयूज हे तेथील ज्येष्ठ संशोधक. जागतिक आरोग्य संघटनेचे जागतिक फ्लू केंद्र याच संस्थेत होते. त्याची धुरा लवकरच आयझॅक्स यांच्याकडे आली. देशोदेशींहून येणारे विषाणूंचे नमुने तपासायचे, त्यांचे वर्गीकरण करायचे, नवा प्रकार दिसला की इशारा द्यायचा, हे त्यांचे नित्याचे काम झाले. अटकावाचा प्रश्न काही काळ मागे पडला, विसरला गेला नाही.

चहापानातून सुरू झालेला प्रयोग

१९५६ च्या उन्हाळ्यात झुरिचहून ज्याँ लिंडेनमान हा तरुण स्विस संशोधक मिल हिलमध्ये आला. तो आयझॅक्स यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होता. चहाच्या वेळी दोघांत बोलणे झाले आणि आपल्या दोघांनाही एकच कोडे छळते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. लिंडेनमान यांनी झुरिचमध्ये अटकावावरच काम केले होते. सप्टेंबर महिन्यात दोघांनी एकत्र प्रयोगांना आरंभ केला.

त्यांना मुळात पाहायचे होते ते वेगळेच. मृत विषाणू पेशीत शिरून अटकाव करतो की बाहेर राहूनच, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी तांबड्या रक्तपेशींच्या रिकाम्या कवचांना विषाणू चिकटवून ती कवचे कोंबडीच्या अंड्यातील पातळ पटलावर सोडायची आणि नंतर काढून घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, अशी योजना होती. सूक्ष्मदर्शकाची बाजू त्याच संस्थेतील व्हॅलेंटाइन सांभाळत होते. अटकावाचे सामर्थ्य विषाणूबरोबर कवचावर राहते की पटलाबरोबर जाते, एवढेच तपासायचे होते. परंतु हाती आलेले निकाल कोणत्याही बाजूला नीट बसेनात. अटकावाचे सामर्थ्य पटलात होते, कवचांबरोबरही काही दिसत होते आणि ज्या द्रवात हे सारे भिजत होते, त्या द्रवातही ते उतरले होते.

हा द्रवच निर्णायक ठरला. दोघांनी प्रयोग अगदी साधा करून टाकला. अंड्यातील पटलाचे तुकडे परीक्षानळीत घेऊन त्यावर उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू सोडला. थोड्या वेळाने पटल धुऊन चिकटून न राहिलेला विषाणू काढून टाकला. मग ते ताज्या क्षारद्रावणात ३७ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे २४ तास ठेवले. पटल बाजूला काढून केवळ तो द्रव पटलाच्या नव्या, विषाणूचा स्पर्शही न झालेल्या तुकड्यांवर घातला. त्यानंतर त्या तुकड्यांना जिवंत विषाणू दिला असता त्याची वाढ खुंटली. फ्लूचा विषाणू रक्तपेशींची गुठळी करतो, या गुणधर्मावरून विषाणू किती वाढला हे मोजता येत असे. द्रव लावलेल्या तुकड्यांत ते प्रमाण स्पष्टपणे घटलेले होते.

हा परिणाम द्रवात उरलेल्या विषाणूचा नाही ना, हा पहिला आक्षेप त्यांनी स्वतःच घेतला. विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड द्रवात मिसळून पाहिले, तरी परिणाम कायम राहिला. विषाणू तळाशी बसेल अशा प्रचंड वेगाने द्रव फिरवला, तरी सामर्थ्य वरच्या द्रवातच उरले. प्रथिने पचविणाऱ्या विकरांनी मात्र ते नष्ट झाले. याचा अर्थ, विषाणूची चाहूल लागताच पेशीने काहीतरी प्रथिनासारखे निर्माण करून बाहेर सोडले होते आणि तो निरोप पोहोचताच दुसऱ्या पेशी विषाणूला तोंड देण्यास सज्ज झाल्या होत्या. या पदार्थाला दोघांनी ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले. अटकाव या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ते घडविले होते. सप्टेंबर १९५७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. लिंडेनमान तत्पूर्वीच स्वित्झर्लंडला परतले होते.

न्यायाचा भाग म्हणून एक गोष्ट नमूद करायला हवी. टोकियोमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्येच सशांच्या त्वचेवर प्रयोग करून विषाणूला रोखणारा असाच घटक नोंदविला होता. त्यांचे निबंध फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाले आणि त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. विज्ञानाच्या इतिहासात आज त्यांच्या कामाची दखल घेतली जाते.

कौतुक आणि कुचेष्टा

निबंध प्रसिद्ध झाले ते वर्ष फ्लूच्या जागतिक साथीचे होते. ‘आशियाई फ्लू’ या नावाने ओळखली गेलेली ती साथ १९५७ च्या आरंभी चीनमध्ये सुरू होऊन हाँगकाँग, सिंगापूरमार्गे भारतात आणि पुढे युरोप, अमेरिकेत पोहोचली. जागतिक फ्लू केंद्राचे प्रमुख म्हणून नव्या विषाणूच्या तपासणीचा मोठा भार आयझॅक्स यांच्यावर पडला. अशा वेळी विषाणूला रोखणारा नैसर्गिक पदार्थ सापडल्याची वार्ता वृत्तपत्रांनी उचलून धरली नसती तरच नवल. १९६० मध्ये तर ‘फ्लॅश गॉर्डन’ या लोकप्रिय अमेरिकन चित्रकथेतील अंतराळवीरांचे प्राण इंटरफेरॉनने वाचविल्याचे दाखविण्यात आले.

शास्त्रज्ञांच्या वर्तुळातील चित्र मात्र निराळे होते. जो पदार्थ वेगळा करून बाटलीत भरता येत नाही, ज्याचे रासायनिक सूत्र सांगता येत नाही, तो खरोखर अस्तित्वात आहे कशावरून, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. हा केवळ विषाणूच्या अवशेषांचा परिणाम असावा, असे अनेकांचे मत होते. विशेषतः अमेरिकेत काहींनी इंटरफेरॉनला ‘मिसइंटरप्रेटॉन’ असे नाव ठेवून त्याची टर उडविली. चुकीच्या अर्थातून जन्मलेला पदार्थ, असा त्याचा रोख होता.

आयझॅक्स यांनी वादाला उत्तर दिले ते प्रयोगांनी. रसायनशास्त्रज्ञ डेरेक बर्क यांच्या साहाय्याने त्यांनी इंटरफेरॉन शुद्ध करण्याचे प्रयत्न आरंभले. पण पेशी हे द्रव्य इतक्या अल्प प्रमाणात निर्माण करीत की, शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर त्याचा बराचसा भाग नाहीसा होई. तरीही काही गोष्टी निश्चित होत गेल्या. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. ते पेशीवर काम करते आणि विषाणूला अडविण्याचे कार्य पेशी करते. एका विषाणूमुळे निर्माण झालेले इंटरफेरॉन इतर अनेक विषाणूंवरही चालते. मात्र कोंबडीच्या पेशींचे इंटरफेरॉन माणसाच्या पेशींवर जवळजवळ निरुपयोगी ठरते. १९६४ मध्ये मिल हिलमधीलच जॉइस टेलर यांच्या प्रयोगांतून असेही दिसून आले की, इंटरफेरॉन मिळाल्यावर पेशीला नवी प्रथिने घडवावी लागतात, तरच संरक्षण मिळते.

औषधाची घाई

ब्रिटनमध्ये एक जुनी सल होती. पेनिसिलिनचा शोध ब्रिटनमध्ये लागला, पण त्याच्या उत्पादनाचे स्वामित्व आणि नफा अमेरिकन कंपन्यांकडे गेला. इंटरफेरॉनच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून वैद्यक संशोधन परिषदेने एकस्वे घेण्याची व्यवस्था केली आणि ग्लॅक्सो, वेलकम व इम्पीरियल केमिकल या तीन कंपन्यांबरोबर सहकार्याचा करार केला. कुतूहलातून सुरू झालेल्या प्रयोगाला आता राष्ट्रीय प्रतिष्ठेचे वजन आले.

माणसांवरील पहिल्या चाचणीचा निकाल आशादायक होता. माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींपासून काढलेले इंटरफेरॉन स्वयंसेवकांच्या दंडाच्या त्वचेत टोचून नंतर त्याच जागी देवीची लस देण्यात आली. तुलनेसाठी शेजारच्या जागी इंटरफेरॉनविना लस दिली गेली. इंटरफेरॉन टोचलेल्या जागी लस उठण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. १९६२ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पण सर्दीवर त्याचा उपयोग करून पाहण्यात आला, तेव्हा पदरी निराशाच पडली. कारण उघड होते. उपलब्ध इंटरफेरॉन अशुद्ध तर होतेच, शिवाय ते अत्यल्पही होते. औषध म्हणून किती मात्रा लागेल याचा अंदाज नव्हता आणि लागेल तेवढे निर्माण करण्याचा मार्गही नव्हता. कंपन्यांचा उत्साह हळूहळू ओसरला.

अंधारातील वर्षे

या सगळ्याचा ताण आयझॅक्स यांच्यावर पडत होता. १९५८ पासून त्यांना तीव्र नैराश्याच्या विकाराने ग्रासले. कधी कामाचा झपाटा आणि कल्पनांचा पूर, तर कधी खोल खिन्नता, अशा आवर्तनांत त्यांची पुढची वर्षे गेली. मनोविकारांविषयी उघडपणे बोलण्याची तेव्हा रीत नव्हती. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १९६१ मध्ये ते संस्थेच्या जीवाणू व विषाणू संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

त्यांची सर्वांत दूरदृष्टीची कल्पना याच काळातील आहे. विषाणू आल्याचे पेशीला कळते कसे, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. पेशीला विषाणूचे नव्हे, तर परक्या न्यूक्लिक आम्लाचे अस्तित्व जाणवते आणि ते जाणवताच ती इंटरफेरॉन निर्माण करते, असा सिद्धान्त त्यांनी १९६३ मध्ये मांडला. त्यासाठी केलेले त्यांचे प्रयोग इतरांना सहजी जमले नाहीत आणि टीकाकारांना आणखी एक निमित्त मिळाले.

जानेवारी १९६४ मध्ये त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून ते वाचले, पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. विभागप्रमुखपदाचा भार उतरवून त्यांच्याकडे केवळ इंटरफेरॉनच्या संशोधनाची प्रयोगशाळा ठेवण्यात आली. १९६६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि पुढच्याच जानेवारीत त्यांची जीवनयात्रा संपली. मागे पत्नी आणि तीन मुले होती.

दैवाचा खेळ असा की, त्याच १९६७ साली अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत मॉरिस हिलमन यांच्या गटाने दाखवून दिले की, दुहेरी धाग्याचे आरएनए हे न्यूक्लिक आम्ल इंटरफेरॉनच्या निर्मितीला जोरदार चालना देते. अनेक विषाणूंची वाढ होताना पेशीत हेच द्रव्य तयार होते. आयझॅक्स यांच्या १९६३ मधील सिद्धान्ताचा गाभा खरा ठरला होता.

रेणू हाती आला

आयझॅक्स यांच्यानंतर इंटरफेरॉनची ज्योत तेवत ठेवणाऱ्यांत फिनलंडच्या कारी कँटेल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. हेलसिंकी येथे रक्तदात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपासून त्यांनी वर्षानुवर्षे इंटरफेरॉन काढले. जगभरच्या रुग्णालयांतील चाचण्या बव्हंशी त्याच पुरवठ्यावर चालत. तरी त्या द्रावणात प्रत्यक्ष इंटरफेरॉनचा वाटा एक टक्क्याहून कमी असे. १९७८ मध्ये अमेरिकेत सिडनी पेस्टका यांच्या गटाने मानवी इंटरफेरॉन शुद्ध केले. १९८० च्या सुमारास जपानमध्ये तादात्सुगू तानिगुची यांनी आणि झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमान यांनी त्याची जनुके वेगळी केली. ती जनुके जीवाणूत घालून हवे तेवढे इंटरफेरॉन निर्माण करणे शक्य झाले. ज्याच्या अस्तित्वाचीच शंका घेतली जात होती, त्याची अमिनो आम्ले आता एकेक करून मोजता येत होती. इंटरफेरॉन हे एक प्रथिन नसून मोठे कुटुंब आहे, हेही स्पष्ट झाले. माणसात केवळ अल्फा गटातीलच बारा प्रकार आढळतात.

पाच मळसूत्रांची जुडी

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ दुमडून जो आकार घेते, त्यावर तिचे कार्य ठरते. हा आकार इतका सूक्ष्म असतो की, प्रथिनाचे स्फटिक करून त्यातून क्ष-किरण पाठवावे लागतात आणि किरणांच्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा गणिताने काढाव्या लागतात. १९९० मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या बीटा इंटरफेरॉनची रचना उलगडली. १९९६ आणि १९९७ मध्ये अनुक्रमे मानवी अल्फा आणि बीटा इंटरफेरॉनची रचना स्पष्ट झाली.

मानवी बीटा इंटरफेरॉन १६६ अमिनो आम्लांचे आहे, तर अल्फा-२ हे १६५ अमिनो आम्लांचे. ही माळ ठिकठिकाणी मळसूत्रासारखी वळलेली असते. अशी पाच मळसूत्रे एकमेकांना लगटून एक जुडी बनते. त्यांना जोडणारे धाग्यासारखे भाग जुडीभोवती वेढे घेतात. अल्फा-२ मध्ये गंधकाच्या अणूंचे दोन बंध माळेचे दूरचे भाग एकमेकांशी बांधून ठेवतात.

या आकारातच त्याच्या कामाचे रहस्य दडलेले आहे. पेशीच्या बाह्य पटलावर इंटरफेरॉनसाठी दोन वेगवेगळी ग्राही प्रथिने असतात. जुडीची एक बाजू त्यांपैकी एकाला घट्ट चिकटते आणि विरुद्ध बाजू दुसऱ्याला काहीशी सैल. अशा रीतीने इंटरफेरॉन दोघांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र आणते. २०११ मध्ये या तिघांच्या एकत्रित संयुगाची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे चित्र पूर्णपणे स्पष्ट झाले. ग्राही प्रथिनांची टोके पेशीच्या आत असतात आणि त्यांना दोन विकरे जोडलेली असतात. टोके जवळ येताच ही विकरे जागी होतात आणि ‘स्टॅट’ नावाच्या प्रथिनांना फॉस्फेटची खूण लावतात. खूण लागलेली प्रथिने जोडी करून पेशीच्या केंद्रकात जातात आणि तेथील शेकडो जनुके कार्यान्वित करतात. इंटरफेरॉन पेशीत पाऊल न टाकता केवळ दारावर थाप देते आणि आतील यंत्रणा हलते.

१९५७ ते १९६४ या काळातील जवळजवळ प्रत्येक निरीक्षणाचा उलगडा यातून होतो. इंटरफेरॉन विषाणूला हात लावत नाही, कारण त्याची घडण ग्राही प्रथिनांसाठी आहे. कोंबडीचे इंटरफेरॉन माणसाला चालत नाही, कारण त्या बाजू आपल्या ग्राहींशी जुळत नाहीत. अत्यल्प मात्रा पुरते, कारण एका थापेसरशी आत साखळीच सुरू होते. नवी प्रथिने घडावी लागतात, कारण विषाणूला रोखण्याचे प्रत्यक्ष काम तीच करतात. १९७० च्या दशकात मिल हिलमध्येच इयन कर यांनी त्यांतील एक यंत्रणा शोधली. दुहेरी धाग्याचे आरएनए दिसताच ती जागी होते आणि पेशीतील आरएनएचे तुकडे करू लागते. लिंडेनमान यांनीही १९६० च्या दशकात फ्लूला न जुमानणाऱ्या उंदरांतील एका जनुकाची नोंद केली होती. तेही पुढे इंटरफेरॉनच्याच आज्ञेने चालणारे निघाले. २०१५ मध्ये निधन झालेल्या लिंडेनमान यांना हा सारा उलगडा पाहता आला.

वरदानाची दुसरी बाजू

औषध म्हणून इंटरफेरॉनचा प्रवास अपेक्षेहून वेगळ्या वाटेने झाला. सर्दी-फ्लूवरचे पेनिसिलिन ते झाले नाही. १९८० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर कर्करोगावरील संभाव्य औषध म्हणून त्याला स्थान दिले, तीही आशा बव्हंशी अतिरंजित ठरली. परंतु १९८६ मध्ये रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ या यकृताच्या विकारांवर लाखो रुग्णांना ते देण्यात आले. बीटा इंटरफेरॉन १९९३ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारावर वापरले जाते.

त्याची किंमतही रुग्णांना मोजावी लागली. ताप, अंगदुखी, कमालीचा थकवा हे इंटरफेरॉनचे नेहमीचे दुष्परिणाम. फ्लूच्या रुग्णाला जे वाटते, त्यातील बराच भाग मुळात शरीराने सोडलेल्या अशा संदेशक प्रथिनांचाच असतो. याहून गंभीर दुष्परिणाम म्हणजे नैराश्य. दीर्घकाळ इंटरफेरॉन घेणाऱ्या अनेक रुग्णांत ते दिसून आले आणि उपचारापूर्वी मनःस्थितीची तपासणी करणे आवश्यक ठरले. ज्याने हे प्रथिन शोधले, त्याचे आयुष्य याच विकाराने झाकोळले होते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही, पण त्यांचा योग मन विषण्ण करणारा आहे.

इंटरफेरॉनवाचून माणसाचे काय होते, याचा दाखला कोरोनाच्या साथीने दिला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या एका गटाने प्राणघातक न्यूमोनिया झालेल्या ९८७ कोविड रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी किमान १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आढळले. बाधा होऊनही लक्षणे न दिसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्यांत असे प्रतिपिंड आढळले नाहीत. दारावर थाप देणारा निरोप्या वाटेतच अडविला गेला होता आणि पेशींना विषाणूची वर्दी मिळाली नव्हती. भारतातही एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, झायडस कॅडिला कंपनीच्या अल्फा इंटरफेरॉनला मध्यम स्वरूपाच्या कोविडसाठी आपत्कालीन वापराची परवानगी देण्यात आली. 

इंटरफेरॉनच्या शोधाला नोबेल पुरस्कार मिळाला नाही. मिल हिलची संस्थाही पुढे लंडनमधील फ्रान्सिस क्रिक संस्थेत विलीन झाली. आयझॅक्स यांच्यावर टीका करणारे सगळेच हेकेखोर होते, असे म्हणता येणार नाही. पुराव्याची मागणी करणे हा विज्ञानाचा धर्मच आहे आणि शुद्ध रेणू हाती येईपर्यंत शंका घेण्यास जागा होती. पण ज्या काळात दाखविण्यासारखे काही नव्हते, त्या काळात परीक्षानळीतील एका स्वच्छ द्रवावर भरवसा ठेवून कोणीतरी काम करीत राहणे आवश्यक होते. ते काम ॲलिक आयझॅक्स यांनी केले. त्या द्रवात नेमके काय होते, हे आज अणूगणिक सांगता येते.